परतीचे कपडे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दोन रविवारांपूर्वी आपल्या पुरवणीत कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांवर एक लेख आला. त्यात त्यांना वरिष्ठांच्या हुकमावर हलणाऱ्या कळसूत्री बाहुल्या म्हटलं होतं. गेल्या रविवारी एका वाचकाचं उत्तर छापलंत, त्यात त्याच सिस्टर त्यागमूर्ती झाल्या. 1981 ते 2012 अशी 31 वर्षं मी इथे इंदुरात सिस्टरांच्या शाळेत संस्कृत शिकवलं. त्यांच्याबरोबर डबा खाल्ला, पेपर तपासले, टाइमटेबलवरून कडाकडा भांडले, आणि त्यांतल्या दोघींशी जिवाभावाचं मैत्र झालं. मी ख्रिस्ती नाही. रामबागेतल्या आमच्या घरी गौरी-गणपती असतात आणि त्या दोघी गौरीच्या जेवणाला हक्काने यायच्या, अर्थात परवानगी मिळाली तर. तर मला तिथे बाहुली दिसली नाही आणि मूर्तीही दिसली नाही, म्हणून हे लिहिते आहे. पत्र लांबणार. छाटायचंच झालं तर माझ्या लग्नाचा भाग छाटा, शीतलामाता बाजाराचा छाटू नका.

आधी पेनाची गोष्ट. गणिताच्या सिस्टर वसईच्या. स्टाफरूममध्ये मराठी आम्ही दोघीच, त्यामुळे मधल्या सुट्टीत आमचा वेगळाच अड्डा. बाकी सगळे मला मॅडम म्हणत, त्या 'बाई' म्हणत. काही वर्षांनी एकदा घरी जाऊन आल्या की वसईची सुकेळी आणत, सुक्या पानात बांधलेली. ती पुडी आधी कॉन्व्हेंटात मोठ्या सिस्टरांकडे जायची आणि तिथून सुटून दोन-चार सुकेळी माझ्या डब्याशेजारी यायची. 1998 मध्ये त्यांच्या व्रताला, म्हणजे निर्धनता, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालनाच्या शपथेला, 25 वर्षं झाली. मी चांगलं शाईचं पेन घेतलं, डबीत घालून दिलं. त्यांनी तिथल्या तिथे माझ्या वहीच्या मागच्या पानावर दोन रेघा ओढून पाहिल्या, वर स्वतःचं नाव लिहिलं, खूष झाल्या. पंधरा दिवसांनी पाहते तर ते पेन ऑफिसातल्या सिस्टरांच्या हातात. फीच्या पावत्या फाडत होत्या त्या, माझ्या पेनाने.

मला रागच आला. मी वसईच्या सिस्टरांना स्टाफरूममध्ये गाठलं. त्या म्हणाल्या, "बाई, तुम्ही मला दिलंत, मी घरात दिलं. घरात ज्यांना जास्त लिहावं लागतं त्यांना मिळालं." मी म्हटलं, "अहो, पण मी तुम्हाला दिलं होतं." त्या हसल्या आणि वह्यांच्या गठ्ठ्यात डोकं घातलं. वर्षभराने कधीतरी, विषय भलताच चालला असताना, मध्येच म्हणाल्या, "त्या पेनाची निब फार छान होती हो."

त्यांनीच पुढे मला संत बेनेडिक्टची नियमावली वाचायला दिली. इंग्रजी पुस्तक, आत कॉन्व्हेंटच्या ग्रंथालयाचा शिक्का. सहाव्या शतकात इटलीतल्या या मठाधिपतीने लिहिलेली 73 छोटी छोटी प्रकरणं. आमच्या सिस्टरांचा संघ फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या परंपरेतला, बेनेडिक्टचा नव्हे. पण पश्चिमेकडच्या मठांची घडी बसली ती या पुस्तकावर. तेहेतिसाव्या प्रकरणात मला माझं पेन सापडलं. साधूने स्वतःचं म्हणून काहीही ठेवू नये. पुस्तक नाही, लिहायच्या पाट्या नाहीत, लेखणी नाही, कारण स्वतःचं शरीर आणि स्वतःची इच्छासुद्धा त्याच्या ताब्यात उरलेली नाही. हे वाचलं तेव्हा आपल्या लेखकाचा कळसूत्री शब्द माझ्याही मनात येऊन गेला असता.

पण अठ्ठावन्नावं प्रकरणही त्याच पुस्तकात आहे. मठात यायचं म्हणणाऱ्याला लगेच आत घेऊ नका, चार-पाच दिवस दारात ठोठावू द्या. मग शिकाऊ म्हणून ठेवा. दोन महिन्यांनी त्याला सगळी नियमावली वाचून दाखवा आणि सांगा, हा कायदा आहे, पाळता येत असेल तर आत ये, नसेल तर मोकळेपणाने जा. पुन्हा सहा महिन्यांनी वाचून दाखवा. पुन्हा चार महिन्यांनी. आणि शेवटी व्रत घेतल्यावर त्याचे अंगावरचे कपडे उतरवून मठाचे द्या, पण त्याचे जुने कपडे टाकू नका. कपाटात जपून ठेवा. न जाणो, कधी सैतानाचं ऐकून निघून जायचं म्हणाला, तर मठाचे काढून घेऊन त्याचे त्याला देता आले पाहिजेत.

ही कपाटाची ओळ मी तीनदा वाचली. माणूस आयुष्यभरासाठी आत येतोय, त्याला सांगितलंय की तुझी इच्छा आता तुझी नाही, आणि त्याच दिवशी त्याच्या परतीच्या कपड्यांची घडी घालून ठेवली जाते. आजच्या कॅथलिक धर्मकायद्यातही हीच चाल आहे. सतरा पूर्ण झाल्याशिवाय शिकाऊ म्हणून घेत नाहीत, अठराच्या आत पहिलं व्रत नाही. ते व्रत ठरावीक मुदतीचं, तीन ते सहा वर्षं, फार तर नऊपर्यंत. मुदत संपली की ती मुलगी उठून घरी जाऊ शकते. कायमचं व्रत एकविसाच्या आत घेताच येत नाही, आणि धाकाने किंवा फसवून घेतलेलं व्रत व्रतच नव्हे.

माझं लग्न 1977 मध्ये झालं. ताटात तांदूळ पसरले, अंगठीने माझं नवं नाव लिहिलं, आणि ते नाव मी बाकीच्या पाहुण्यांबरोबरच पहिल्यांदा वाचलं. दोन महिन्यांनी मला कोणी बसवून सांगितलं नाही की, सूनबाई, हे घर हे असं आहे, जमत असेल तर राहा. माहेरच्या साड्या कपाटात गेल्या होत्या खऱ्या, पण नणंदांना वाटायला. सासूबाई वाईट नव्हत्या हो. पोह्यांवर शेव किती भुरभुरायची हे मात्र 1994 पर्यंत त्याच सांगत होत्या. आपल्या लेखकाला कॉन्व्हेंटच्या भिंती दिसतात, म्हणून ही आठवण केली.

याचा अर्थ आत सगळं आलबेल असतं असा नाही. खरी मेख व्रत घेतल्यानंतर येते.

संस्कृतच्या मास्तरणीला सवय असते फळ्यावर सुविचार लिहायची. माझा आवडता होता 'आज्ञा गुरूणां ह्यविचारणीया'. वडीलधाऱ्यांची आज्ञा, तिच्यावर विचार करायचा नसतो. मुलं गप्प बसायला फार उपयोगी. ही ओळ रघुवंशाच्या चौदाव्या सर्गातली हे मी सांगायची, पण कुठल्या जागेवरची ते सांगत नसे. राम लक्ष्मणाला सांगतो, सीतेला वनात सोडून ये, आणि लक्ष्मण ते मान्य करतो, तिथली ही ओळ आहे. त्याच श्लोकात आधी परशुरामाची आठवण आहे, बापाच्या हुकमावरून आईवर शस्त्र चालवल्याची. वसईच्या सिस्टर एकदा माझ्यानंतर त्याच वर्गावर आल्या, फळा पुसायच्या आधी अर्थ विचारायला परत स्टाफरूममध्ये आल्या. त्या दिवशी का कोण जाणे, मी जागेसकट सांगितला. त्या म्हणाल्या, "आणि लक्ष्मण काहीच बोलला नाही? आमच्याकडे एकदा बोलता येतं."

ते 'एकदा बोलता येतं' अडुसष्टाव्या प्रकरणात आहे. झेपणार नाही असं काम सांगितलं तर आधी नम्रपणे घ्यावं. अगदीच ताकदीबाहेरचं दिसलं तर योग्य वेळ बघून, न चिडता, न उर्मटपणा करता, का झेपत नाही ते वरिष्ठांना सांगावं. त्यानंतरही वरिष्ठ ठाम राहिले तर देवावर भार टाकून करावं. संत फ्रान्सिस याच्या एक पाऊल पुढे गेला. त्याच्या पहिल्या नियमावलीत आहे की आपल्या आत्म्याविरुद्ध किंवा नियमाविरुद्ध हुकूम आला तर बंधूने तो पाळायचा नाही, कारण ज्यात पाप घडतं ते आज्ञापालनच नव्हे. धर्मकायद्यानेही वरिष्ठांचा हात एका जागी धरून ठेवला आहे: मनातलं उघड कर म्हणून सिस्टरला कुठल्याही प्रकारे भाग पाडायचं नाही.

वसईच्या सिस्टर त्यांच्या वाट्याचं 'एकदा' 2003 च्या एप्रिलमध्ये बोलल्या. बदलीचं पत्र आलं, झाबुआकडच्या एका खेड्यात. दहावीचा निकाल लागायचा होता आणि गुडघा दुखत होता. त्यांनी एक पत्र लिहिलं. मला दाखवलं, मी त्यातली दोन स्पेलिंगं सुधारली. उत्तर दोन ओळींचं आलं: प्रार्थनापूर्वक विचार केला आहे, महिनाअखेर रुजू व्हावे. हिरवी पत्र्याची ट्रंक, तीही अर्धी रिकामी. गंगवाल बस स्टँडवर मी सोडायला गेले होते. रडत मीच होते, त्या कंडक्टरशी ट्रंक टपावर टाकायची की आत ठेवायची यावर हुज्जत घालत होत्या. पुढे पत्र आलं की इथल्या मुलींचे पाढे आपल्या इंदूरच्या मुलींपेक्षा पक्के आहेत, बाजारात महुआ विकायला बसतात ना. आणि गुडघ्याचं म्हणाल तर इथे जिनेच नाहीत.

यात स्वातंत्र्य कुठे आहे, असं लेखक विचारतील. मी तो प्रश्न सिस्टरांना विचारला होता. त्या म्हणाल्या, "मी पत्र लिहिलं ते मन लावून लिहिलं. वाचणाऱ्यांनीही मन लावून वाचलं असेल असं धरून चालते. तेवढं धरता आलं नाही तर मग नुसती नोकरी." मला ते पटलं नाही. दोन ओळींत मन दिसत नव्हतं. बेनेडिक्टने मठाधिपतीला बजावून ठेवलंय की तुझ्या प्रत्येक हुकमाचा हिशेब तुला शेवटच्या दिवशी द्यायचाय, आणि लोकांनी तुझी भीती बाळगण्यापेक्षा तुझ्यावर प्रेम करावं असं बघ. पाळणाऱ्यांची परीक्षा रोज होते, हुकूम सोडणाऱ्यांची एकदम त्या दिवशी.

मराठी वाचकाला या वादातली सगळ्यात खणखणीत बाई परकी नाही. पंडिता रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या सेंट मेरी संघाच्या सिस्टरांकडे राहिल्या, तिथेच त्यांचा आणि लेक मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या सिस्टर जेराल्डिनना रमाबाई पत्रांतून 'आजीबाई' म्हणत. आणि त्याच आजीबाईंना कळवत की पुरोहितांचं एक जोखड आत्ताच मोठ्या कष्टाने मानेवरून काढलंय, आता दुसरं घेणार नाही. क्रॉसवरची अक्षरं लॅटिनच का, संस्कृत का नकोत, इथपर्यंत वाद. रमाबाईंनी व्रत घेतलेलं नव्हतं, त्या तिथे पाहुण्या होत्या, हा फरक मान्य. पण 'आजीबाई' म्हणणं आणि 'ऐकणार नाही' म्हणणं ही दोन्ही एकाच लेखणीतून येऊ शकतात, हे आपल्याला शंभर वर्षांपूर्वीच कळलेलं आहे. वसईच्या सिस्टरांचं यावर मत असं होतं की रमाबाई आमच्यात टिकल्या नसत्या, आणि आम्ही त्यांना टिकू द्यायला हवं होतं.

उलट उदाहरण तर इंदुरातच संपलं. आंरी ल सो हे फ्रान्समधल्या केरगोनानच्या बेनेडिक्टाइन मठातले साधू. 1934 पासून त्यांना भारताची ओढ लागली होती. मठाधिपतींनी जा म्हणेपर्यंत थांबले आणि 1948 मध्ये इथे उतरले, चौदा वर्षांनी. पुढे भगवी वस्त्रं, अभिषिक्तानंद हे नाव, तमिळनाडूतल्या अरुणाचल डोंगराच्या गुहा, उत्तरकाशी. उपनिषदांत इतके बुडाले की त्यांचे ख्रिस्ती मित्रही काळजीत पडावेत, पण बेनेडिक्टाइन साधू ते शेवटपर्यंत राहिले. 7 डिसेंबर 1973 ला इथल्या रॉबर्ट्स नर्सिंग होममध्ये, फ्रान्सिस्कन सिस्टरांच्या देखरेखीत, वारले. मी तेव्हा बी.ए.ला होते, त्याच गावात, आणि मला याचा पत्ता पुढची पंचवीस वर्षं नव्हता. चौदा वर्षं हे बंधन म्हणायचं की तयारी, मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता शीतलामाता बाजार.

दोघींपैकी दुसऱ्या, इंग्रजीच्या सिस्टर, झारखंडच्या. 2009 मध्ये त्यांनी संघ सोडला. वय 41, आत 20 वर्षं. पळून नाही, अर्ज करून, वरून रीतसर परवानगी येईपर्यंत महिनोन्महिने थांबून. का सोडला हे त्यांनी मला सांगितलं, मी इथे सांगणार नाही. संध्याकाळी सातला माझ्या दारात उभ्या, हातात एक पिशवी, अंगावर कोणाचा तरी सैल सलवार-कुडता, बाह्या मनगटाखाली लोंबत होत्या. बेनेडिक्टच्या कपाटात त्यांचे कपडे कोणी ठेवले नव्हते. ठेवले असते तरी एकविसाव्या वर्षीचे कपडे एकेचाळिसाव्या वर्षी कसे यावेत म्हणा.

अकरा दिवस राहिल्या. दुसऱ्या दिवशी मी त्यांना कपडे घ्यायला शीतलामाता बाजारात नेलं. दुकानदाराने एकावर एक सुटाचे कापड उलगडले. गुलाबी, मोरपंखी, हळदी, राणी कलर. त्या बघत राहिल्या. वीस वर्षं एकाच फिकट रंगाच्या साडीत वावरलेली बाई. एक कापड हातात घ्यायच्या, खाली ठेवायच्या, माझ्याकडे बघायच्या. "मॅम, कौन सा लूँ?" मी म्हटलं, तुम्हाला आवडेल ते घ्या. पुन्हा बघणं. दुकानदाराने पाणी दिलं, मग चहा दिला. मागच्या बायका सरकून बसल्या, मग उठून गेल्या. चाळीस मिनिटं झाली असतील. माझे पाय दुखायला लागले, घरी कुकर लावायचा होता, आणि मी वैतागून मोरपंखी कापड उचललं आणि म्हटलं, हे घ्या, तुम्हाला छान दिसेल. त्यांनी लगेच मान डोलवली. चेहरा असा मोकळा झाला की मला कसंतरीच झालं. त्यांना आज्ञा मिळाली होती.

पैसे मी दिले. त्यांच्याकडे नव्हते. वीसपैकी चौदा वर्षं शिकवलं होतं, पगार व्हायचा, पण सिस्टरच्या श्रमाची कमाई संघाची असते, तो व्रताचाच भाग. सोडताना काय मिळावं यावर धर्मकायदा सांगतो की केलेल्या कामाबद्दल काहीही मागता येणार नाही. आणि लगेच पुढे म्हणतो की संघाने मात्र न्यायाने आणि ख्रिस्ती प्रेमाने वागावं. प्रेमाचा आकडा त्या वेळी एका महिन्याच्या खोलीभाड्याइतकाही नव्हता. कुठला संघ ते लिहीत नाही, कारण दुसऱ्या एका संघाने निघालेल्या सिस्टरला बी.एड. करायला मदत केल्याचंही मी पाहिलंय. म्हणजे सगळं ज्याच्या-त्याच्या मनावर.

मध्यंतरी, 7 नोव्हेंबर 2024 ला, सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या सिस्टर आणि फादर यांच्या पगारातून प्राप्तिकर कापला जाईल. चर्चच्या बाजूने युक्तिवाद झाला होता की व्रत घेतल्यावर त्या व्यक्तीचा 'नागरी मृत्यू' होतो, पगार तिचा नसतोच. न्यायालयाने ते मानलं नाही. कराच्या दिवशी ती जिवंत ठरली, चांगलंच झालं. निघायच्या दिवशीही ती जिवंत असते, एवढंच माझं म्हणणं आहे. सिस्टर निघाली तर सहा महिने राहण्याखाण्याची आणि पुढच्या शिक्षणाची सोय, वर्षांच्या हिशेबात काही रक्कम, हे संघांनी लिहून ठेवावं आणि ती आत येते तेव्हाच तिला वाचून दाखवावं. दोन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, चार महिन्यांनी. आत राहणारीचं राहणं त्याने हलकं होत नाही, उलट.

आपल्या लेखकाने केरळातल्या एका सिस्टरचं उदाहरण दिलं आहे, 2019 मध्ये संघाने जिला काढलं, आणि कारणांमध्ये परवानगीशिवाय गाडी घेणं आणि कवितांचं पुस्तक छापणं मोजलं. उत्तर देणाऱ्या वाचकाने सिस्टर राणी मारियांचं नाव घेतलं आहे, बिजनौर, ओडगडी आणि मग 1992 मध्ये देवास जिल्ह्यातलं उदयनगर अशा बदल्या मुकाट्याने घेतलेल्या, सावकारांच्या तावडीतून आदिवासींना सोडवण्याच्या कामात मारल्या गेलेल्या. दोघी एकाच संघाच्या, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट. हे दोघांपैकी कोणीच लिहिलेलं नाही. आणि राणी मारिया मुकाट्याच्या होत्या हे तर मला पटतच नाही. सावकारांशी भांडणारी, बायकांचे बचतगट उभे करणारी बाई मुकाटी कशी? ती माझ्याच वयाची, 1954 ची.

वसईच्या सिस्टर आता निवृत्त सिस्टरांच्या घरात असतात, फोन करायला परवानगी लागत नाही म्हणतात, काळ बदलला. दुसऱ्या, ज्या आता सिस्टर नाहीत, त्या रांचीला मुलींचं वसतिगृह सांभाळतात. दिवाळीला फोटो पाठवतात. गेल्या वर्षी पिवळ्या साडीत होत्या.

जाता जाता एक दुरुस्ती, मास्तरणीची खोड. उत्तराच्या पत्रात राणी मारियांच्या हत्येचं साल 1996 छापलं गेलं आहे. ती घटना 25 फेब्रुवारी 1995 ची, उदयनगरहून इंदूरकडे येणाऱ्या बसमधली. 4 नोव्हेंबर 2017 ला इंदुरात त्यांना 'धन्य' (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं तेव्हाच्या आपल्याच अंकात साल बरोबर होतं. कृपया दुरुस्ती छापावी.

आपली,
एक निवृत्त संस्कृत शिक्षिका
रामबाग, इंदूर
(नाव छापू नये ही विनंती; दोघींना विचारलेलं नाही.)